३४ वर्षांची सिगारेट, पाचवा प्रयत्न: एक प्रकरण अभ्यास

वय ५२, पुरुष. छापखान्यात पाळीचं काम, एका आठवड्याआड रात्रपाळी. १८व्या वर्षी सिगारेट लागली. पहिली १९ वर्षं दिवसाला सरासरी १२, पुढची १५ वर्षं २५. वीस सिगारेटचं एक पाकीट धरलं तर हिशेब ३० पाकीट-वर्षांवर जातो. तीन वर्षांपासून सकाळी कफाचा खोकला, अलीकडे दोन जिने चढले की धाप. स्पायरोमेट्रीत, श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊनही, एकूण बाहेर टाकलेल्या हवेपैकी ६६ टक्केच पहिल्या सेकंदात बाहेर आली. हा आकडा ७०च्या खाली असला आणि सोबत अशी लक्षणं असली की सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, निदान होतं.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. बरीच वर्षं ओढणाऱ्यांच्या बाबतीत ज्या अडचणी वारंवार येतात, त्या एकत्र आणून ते रचलं आहे. औषधांच्या मात्रा आणि परिणाम मात्र खरे आहेत.

चार प्रयत्न का फसले

‘माझ्यात तेवढी इच्छाशक्ती नाही’ हे निदान ते स्वतःच करून आले होते. असं निदान सहसा चुकीचं निघतं. प्रत्येक जुना प्रयत्न उलगडून पाहिला की बहुतेकदा काहीतरी साधं, दुरुस्त होण्याजोगं सापडतं. इथेही सापडलं.

पहिला प्रयत्न ३८व्या वर्षी. एका सकाळी पाकीट फेकलं, मदत कसलीच घेतली नाही. पाचव्या रात्री, रात्रपाळीत, पुन्हा सुरू. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे शेवटच्या सिगारेटनंतर पहिल्या दिवसातच शरीर मागणी करू लागतं. चिडचिड, अस्वस्थता, झोप उडणं, लक्ष न लागणं हे सगळं पहिल्या आठवड्यात टोकाला असतं आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. हे गृहस्थ त्या टोकावरच, तेही रात्री जागत, एकटे उभे होते. मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाचच असतात. तेव्हा या अपयशात नवल काही नाही.

दुसरा प्रयत्न कमी-कमी करत जाण्याचा. २५वरून १०वर आले आणि तिथेच अडकले. सिगारेटी कमी झाल्या की माणूस नकळत खोल झुरके घेतो, जास्त वेळ धूर धरून ठेवतो, थोटूक अगदी फिल्टरपर्यंत ओढतो. मोजणीत १०, पण शरीरात निकोटिन त्याहून कितीतरी जास्त. शिवाय उरलेल्या दहा सिगारेटी अधिकच गोड लागतात, कारण प्रत्येकीच्या आधी तासन्‌तास वाट पाहिलेली असते. सोडण्याची तारीख न ठरवता नुसतं कमी करणं हा बहुधा मुक्काम ठरतो, वाट ठरत नाही.

तिसऱ्या वेळी २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम, दिवसाला चार-पाच. उचक्या, घशाशी जळजळ, ‘काही उपयोग नाही’ म्हणून दोन आठवड्यांत बंद. इथे तीन चुका एकत्र होत्या. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचा गम लागतो, हे पाच मिनिटांत ओढत होते. संख्याही अपुरी होती: एकट्या गमवर भागवायचं तर पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, दिवसाला किमान नऊ घ्यावे लागतात. आणि चघळण्याची पद्धत चुकली होती, तिच्याकडे पुढे येऊ.

चौथ्या प्रयत्नात त्वचेवर चिकटवायची २१ मिलिग्रॅमची निकोटिन पट्टी वापरली आणि साडेतीन महिने सिगारेट बंद राहिली. त्यांच्या लेखी हे सगळ्यात लाजिरवाणं अपयश होतं, ‘इतकं करून पुन्हा’. आमच्या लेखी संपूर्ण फाइलमधली ही सगळ्यात मोलाची नोंद होती. पट्टीने काम केलं होतं. फक्त ती चौथ्याच आठवड्यात ‘आता गरज नाही’ म्हणून काढली गेली, आणि पुढे मित्रांसोबत दारूच्या दोन पेल्यांनंतर ‘एकच’ ओढली. तीन आठवड्यांत गाडी पुन्हा २५वर.

मोजमाप

निकोटिन अवलंबित्वाच्या फागरस्ट्रॉम चाचणीत सहा प्रश्न असतात, गुण शून्य ते दहा. यांचे ८ आले: उठल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली (३), दिवसाला २१ ते ३० (२), सकाळची पहिली सोडणं सर्वांत अवघड (१), सकाळच्या तासांत जास्त (१), आजारी पडून अंथरुणात असतानाही (१). सहावा प्रश्न मनाई असलेल्या जागी थांबवणं जड जातं का हा. त्याचं उत्तर ‘नाही’. उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ३१ भाग भरला. न ओढणाऱ्यांत तो सहसा सहाच्या आत असतो.

शिवाय तीन दिवसांची नोंदवही ठेवायला सांगितली. प्रत्येक सिगारेटसमोर फक्त दोन गोष्टी: वेळ, आणि ‘लागली’ की ‘ओढली गेली’. पंचविसांपैकी ‘लागलेल्या’ सातच निघाल्या. सकाळच्या दोन, जेवणानंतरच्या दोन, पाळी संपतानाची एक, रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमाराची एक, झोपण्याआधीची एक. बाकीच्या अठरा हाताला चाळा म्हणून किंवा दुसऱ्याने पेटवली म्हणून. पंचवीस लढाया लढायच्या नाहीत, सातच आहेत, हे कागदावर दिसलं की माणूस जरा सैल होतो.

‘आता बावन्नाव्या वर्षी सोडून काय उपयोग’ हा प्रश्न आलाच. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या धूम्रपानावर १९५१मध्ये सुरू झालेल्या आणि ५० वर्षं चाललेल्या पाहणीचा निष्कर्ष २००४मध्ये आला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटतं, पन्नाशीत सोडणाऱ्याला त्यातली साधारण सहा वर्षं परत मिळतात. त्यावर अधिक वाद घातला नाही.

योजना

पर्याय दोन होते. एक व्हॅरेनिक्लिन, तलफ कमी करणारी निकोटिनविरहित गोळी: पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलिग्रॅम दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण १२ आठवडे, सिगारेट आठव्या दिवशी बंद. मळमळ ही त्याची नेहमीची तक्रार, म्हणून ती गोळी पोटभर खाऊन आणि पेलाभर पाण्यासोबत घ्यायची. दुसरा पर्याय पट्टी आणि गम जोडीने. पट्टी निकोटिनची संथ धार देते, गम अचानक उसळणारी तलफ झेलतो; दोन्ही मिळून एकट्या पट्टीपेक्षा जास्त जण टिकतात. जो माणूस पट्टीने सुरुवात करून साडेतीन महिने टिकला, त्याच्या हातून ती काढून घेण्यात अर्थ नव्हता. म्हणून जोडी ठरली, व्हॅरेनिक्लिन राखीव.

तारीख दिवसपाळीच्या आठवड्याच्या पहिल्या दिवसाची. पहिला आठवडा रात्रपाळीत घालवायचा नाही, हा पहिल्या प्रयत्नाचा धडा.

पट्टी रोज सकाळी सात वाजता, पाळी कुठलीही असो. जागा दंडावर, छातीवर किंवा पाठीवर. केस नसलेली, कोरडी, तेल-मलम न लावलेली. चिकटवल्यावर तळव्याने दहा सेकंद दाबून धरायची, रोज जागा बदलायची, आणि एकदा वापरलेली जागा आठवडाभर पुन्हा वापरायची नाही. किंचित लाली आणि खाज चालते. फोड आले किंवा पुरळ पसरलं तर काढायची. वापरलेल्या पट्टीतही निकोटिन उरलेलं असतं, ती घडी घालून मुलांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागणार नाही अशी टाकायची.

पट्टीचा एक दोष लोक विसरतात. ती लावल्यावर रक्तातली पातळी चढायला काही तास लागतात, आणि यांची सगळ्यात जड सिगारेट तर डोळे उघडताच होती. त्यामुळे पट्टी रात्रभर ठेवायची आणि ४ मिलिग्रॅमचा गम उशाशी. डोळे उघडले की पाय जमिनीला लागायच्या आत तो तोंडात. पट्टीमुळे भडक, विचित्र स्वप्नं पडून झोप मोडली तर रात्री काढून ठेवायची मुभा, पण मग सकाळचा गम चुकवायचा नाही.

आता गमची पद्धत. सावकाश दहा-पंधरा वेळा चघळायचा, तोंडात झणझणीत चव आली की थांबायचं. मग गाल आणि हिरडी यांच्या मध्ये दाबून ठेवायचा, मिनिटभराने झणझण ओसरली की पुन्हा चघळायचा आणि दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. भराभर चघळून लाळेसोबत गिळलं की ते पोटात जाऊन उचक्या आणि जळजळ करतं, वर यकृत त्यातलं बरंचसं रक्तात पसरण्याआधीच निकामी करतं. म्हणजे त्रास पूर्ण, फायदा अर्धा. कॉफी, फळांचा रस, सोड्याची पेयं यांनी तोंडात आम्लता येते आणि शोषण मंदावतं, म्हणून गमच्या आधी १५ मिनिटं आणि गम तोंडात असताना पाण्याशिवाय काही नाही. तिसऱ्या प्रयत्नातला गम हे गृहस्थ कॉफीच्या घोटांसोबत खात होते. पट्टीसोबत दिवसाला सहा ते आठ गम ठरवले, नोंदवहीतल्या त्या सात वेळांच्या दहा मिनिटं आधी. तलफ उठल्यावर घेतलेला गम उशिराच पोचतो.

पहिले तीन महिने दारू बंद. हा चौथ्या प्रयत्नाचा धडा, आणि यावर घासाघीस झाली नाही.

सहावा दिवस

पहिले चार दिवस अपेक्षेपेक्षा बरे गेले. पाचव्या रात्री झोप लागेना. सहाव्या दिवशी छातीत धडधड, हात कापणं, मळमळ, विलक्षण बेचैनी. घरच्यांचा निष्कर्ष तयार होता: पट्टी आणि गम दोन्ही म्हणजे निकोटिन जास्त झालं. पट्टी काढून टाकायची तयारी झालीच होती.

ती काढली असती तर हा प्रयत्नही तिथेच संपला असता. जरा थांबून पाहिलं तर निष्कर्ष जुळत नव्हता. २१ मिलिग्रॅमची पट्टी दिवसाला २५ ओढणाऱ्याच्या नेहमीच्या निकोटिनपेक्षा पुष्कळ कमी देते, आणि त्यात सहा गम मिळवले तरी फार वर जात नाही. निकोटिन जास्त झालं असतं तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच जाणवलं असतं. सिगारेट सुटल्याचा त्रास म्हणावा तर त्यात नाडी सहसा मंदावते, इथे १०८ होती. चोरून ओढत असतील ही शंका कार्बन मोनॉक्साइडच्या ३ या आकड्याने मिटली.

मग विचारलं, दिवसभरात पोटात काय-काय जातं. कॉफीचे सात कप, नेहमीप्रमाणे. आणि थोड्या वेळाने, सहज बोलल्यासारखं: ‘दम्याची एक गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ.’ ती थिओफिलिन निघाली, ३०० मिलिग्रॅम दोनदा, सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. पहिल्या भेटीत ‘औषधं कोणती’ असं विचारल्यावर त्यांनी फक्त रक्तदाबाची गोळी सांगितली होती. प्रश्न विचारण्यात चूक होती. औषधं विचारायची नसतात, पिशवीसकट आणायला सांगायची असतात.

सिगारेटच्या धुरातली डांबरी रसायनं यकृतातलं एक विकर (एन्झाइम) चेतवून ठेवतात. कॅफीन आणि थिओफिलिन दोन्हींचा निचरा तेच विकर करतं. ओढणाऱ्याचं शरीर ही द्रव्यं झपाट्याने संपवतं, म्हणून त्याला जास्त कॉफी पचते आणि थिओफिलिनचा डोसही जास्त लागतो. धूर बंद झाला की काही दिवसांतच विकराचा वेग उतरतो, तीच कॉफी आणि तीच गोळी रक्तात साचू लागते. निकोटिनचा यात भागच नाही. दोष धुराचा, म्हणून पट्टी लावली तरी हा बदल होतोच.

रक्तातलं थिओफिलिन मिलिलिटरला २३ मायक्रोग्रॅम आलं. २०च्या वर ते विषारी ठरू लागतं आणि आणखी चढलं तर झटके आणि हृदयाच्या ठोक्यांची गडबड होऊ शकते. डॉक्टरांनी डोस एक तृतीयांशाने उतरवून २०० मिलिग्रॅम दोनदा केला. कॉफी सातवरून तीन कपांवर, शेवटचा कप झोपेच्या आठ तास आधी. पट्टी जिथे होती तिथेच. चौथ्या दिवशी नाडी ८२, झोप जाग्यावर.

ही खबरदारी आणखी काही औषधांना लागू आहे. क्लोझापिन आणि ओलान्झापिन या मानसिक आजारांवरच्या औषधांची पातळी अशीच चढते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्याने रक्त गोठण्याची चाचणी लवकर करून घ्यावी, इन्सुलिन घेणाऱ्याने साखर जास्त वेळा तपासावी. आणि उलटंही खरं: पुन्हा ओढायला लागलं की उतरवलेला डोस अपुरा पडतो, तेव्हा घसरण झाली तरी ती डॉक्टरांपासून लपवू नये.

पुढचे महिने

तिसऱ्या आठवड्यात खोकला वाढला. ‘ओढत होतो तेव्हा बरा होतो’ हे वाक्य याच सुमाराला ऐकू येतं. श्वासनळ्यांतले केसासारखे तंतू धुराने लुळे पडलेले असतात, ते पुन्हा हलू लागले की साचलेला कफ वर येतो. पाचव्या आठवड्यापर्यंत कमी झाला. बद्धकोष्ठता आणि तोंडातले छाले आले आणि गेले.

वजन चार महिन्यांत ३.८ किलो वाढलं. सोडल्यानंतरच्या वर्षात चार-पाच किलो वाढणं सरासरीतलं आहे, कारण भूक हे लक्षण बाकीच्या त्रासापेक्षा जास्त टिकतं. पहिल्या तीन महिन्यांत कडक आहारबंदी करू नये, असं आमचं मत. उपाशी माणसाची तलफ वाढते. चालणं वाढवलं, एवढंच.

रात्रपाळीने वेगळीच अडचण आणली. सगळे ओढायला बाहेर जातात म्हणून हे सुटीच घेईनात, आणि सलग आठ तास यंत्रासमोर उभं राहून पहाटे तीनची तलफ आणखी जड झाली. त्यांना सिगारेट नको होती, पण ती दहा मिनिटं हवी होती. मग सुटी तीच, जागा दुसरी: कागदाच्या गोदामाच्या बाजूची पायरी, हातात पाण्याची बाटली, तोंडात गम. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी तोंडात धरायचा तंबाखू सुचवला, धूर नाही म्हणून. त्यातही निकोटिन तेच आणि तोंडाच्या कर्करोगाची द्रव्यं वर. त्यात सोडल्यासारखं काही नाही.

पट्टी नेहमी २१ मिलिग्रॅम सहा आठवडे, १४ दोन, ७ दोन अशी उतरवतात. यांना १४ मिलिग्रॅमवर चार आठवडे ठेवलं, कारण त्यातले दोन रात्रपाळीचे होते. सोडल्यावर मेंदूतले निकोटिनचे वाढलेले ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशींवरच्या निकोटिन चिकटण्याच्या जागा) सामान्य संख्येला यायला सहा ते बारा आठवडे घेतात. मागच्या वेळी चौथ्या आठवड्यात पट्टी काढणं म्हणजे प्लास्टर घातलेला पाय पंधरवड्यात मोकळा करण्यासारखं होतं. गम लागेल तसा चालू राहिला.

पाचवा महिना

दारूचा मोह टाळण्याची तयारी होती, मित्रांचा आग्रह टाळण्याचीही होती. घसरण झाली ती पहाटे साडेतीनला, यंत्र बंद पडून वादावादी झाल्यावर. सिगारेट कोणी दिलीही नाही. ती त्यांच्याच कामावरच्या कपाटात, जुन्या डगल्याच्या खिशात होती. घरातली पाकिटं, लायटर, ॲशट्रे सगळं पहिल्या दिवशी काढलं होतं. कामावरच्या कपाटाचा विचार कोणीच केला नव्हता, आणि ही योजनेतली उणीव होती.

त्या रात्री एक, दुसऱ्या रात्री आणखी एक. यासाठी आधीच एक चिठ्ठी लिहून पैशांच्या पाकिटात ठेवली होती: उरलेल्या सिगारेटी पाण्यात भिजवून फेकायच्या, लगेच ४ मिलिग्रॅमचा गम, आणि पुढचे तीन दिवस तलफ असो-नसो दर दोन तासांनी, त्याच दिवशी एका माणसाला सांगायचं, सोडल्याची तारीख बदलायची नाही. शेवटचं कलम काहींना खोटेपणा वाटतं. पण दोन सिगारेटींनी शरीर लगेच २५वर जात नाही. ‘गेलं सगळं’ हा विचार नेतो, आणि तारीख पुसली की त्याला आधार मिळतो. चिठ्ठीतली पहिली तीन कामं पहिल्या रात्री झाली नाहीत, दुसऱ्या रात्री झाली. पट्टी १४ मिलिग्रॅमवर दोन आठवडे परत लावली. तिसऱ्या दिवशीचा कार्बन मोनॉक्साइड ३.

बारा महिन्यांनी

सिगारेट नाही. कार्बन मोनॉक्साइड २. सकाळचा खोकला जवळपास गेला, दोन जिने न थांबता. स्पायरोमेट्री ६७ टक्के, म्हणजे जिथे होती तिथेच. यावर ते हिरमुसले. गेलेली क्षमता बहुतेक परत येत नाही. दरवर्षीची घट मंदावून न ओढणाऱ्याच्या जवळ येते, आणि आकडा खाली न जाणं हाच इथे निकाल आहे. वय पन्नाशीपलीकडे आणि २०हून जास्त पाकीट-वर्षं असल्याने कमी किरणांच्या सीटी स्कॅनने फुप्फुसाची वार्षिक तपासणी करावी का, हे छातीच्या डॉक्टरांशी बोलायचं बाकी आहे.

गम सातव्या महिन्यात थांबला. तरी पैशांच्या पाकिटात ४ मिलिग्रॅमचे दोन असतात, चिठ्ठीसोबत. पुढच्या भेटीला त्यांच्यावरची मुदत तपासून बदलायचे, अशी नोंद आहे.